पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी चिकटू नयेत म्हणून

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर वरच्या टाक्यांची काळजी सगळेच घेतात. आतल्या जखमेची चौकशी मात्र फारसे कुणी करीत नाही. आतड्यांवर आणि इतर अवयवांवर उदरावरणाचे ओलसर, गुळगुळीत अस्तर असते, म्हणून ती एकमेकांवरून सहज सरकतात. हे अस्तर खरचटले, कोरडे पडले किंवा त्याचा रक्तपुरवठा तुटला, की तेथे फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, चिकट थर जमतो. शरीराने तो सुरुवातीच्या दिवसांतच विरघळवला तर अस्तर साधारण आठवड्याभरात भरून येते. तो तसाच राहिला तर त्यात तंतू वाढून घट्ट पट्टे तयार होतात व शेजारचे अवयव जखडले जातात. यालाच डॉक्टर अ‍ॅडहीजन म्हणतात.

याचा अर्थ असा, की खरा बचाव शस्त्रक्रियेच्या टेबलावरच होतो आणि रुग्णाच्या हाती असलेले सर्वांत मोठे काम त्याआधीचे आहे. शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ शकेल का, हे सर्जनला आधी विचारावे, कारण त्यात अस्तराची हाताळणी कमी होते. मात्र चिकटण्याचा धोका तेवढ्याने संपत नाही. कोरड्या गॉजचा नुसता घासा लागला तरी अस्तर सोलवटते, म्हणून आतडी ओली ठेवणे, रक्तस्राव नीट थांबवणे आणि साकळलेले रक्त धुऊन काढणे याला फार महत्त्व आहे. हातमोज्यांवरच्या पावडरीचे कणही आत राहून दाह करतात; अमेरिकेत असे मोजे 2017 पासून बंद आहेत. अवयवांमध्ये ठेवायचा, काही दिवसांत विरघळणारा पातळ पडदा किंवा अवयव काही दिवस एकमेकांपासून वेगळे ठेवणारे आयकोडेक्स्ट्रिनचे द्रावण आपल्या बाबतीत उपयोगी ठरेल का, हेही विचारावे. पूर्वीच्या प्रत्येक शस्त्रक्रियेची माहिती, ती कितीही जुनी असली तरी, अवश्य द्यावी.

घरी आल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर चालायला लागावे. कुशीवर वळून, पोटावर उशी धरून उठल्यास टाक्यांवर ताण कमी येतो. चालण्याने आतडी चिकटत नाहीत असे सिद्ध झालेले नाही. पण आतड्यांची हालचाल पूर्ववत होण्यास आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या टाळण्यास त्याची मदत होते, आणि तेवढे कारण पुरेसे आहे. ताज्या जखमेवर मालिश मुळीच करू नये. चिकटलेले भाग सोडवण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा निर्णयही घाईने घेऊ नये, कारण त्या जखमांतून नवे पट्टे तयार होऊ शकतात.

बहुतेकांना या पट्ट्यांचा त्रास कधीच होत नाही. परंतु कळा येऊन पोट दुखणे, पोट फुगणे, वारंवार उलट्या होणे, शौच आणि वायू दोन्ही बंद होणे ही लक्षणे शस्त्रक्रियेनंतर अनेक वर्षांनी दिसली तरी ती आतड्याच्या अडथळ्याची असू शकतात. अशा वेळी घरी जुलाबाचे औषध न घेता, तोंडाने काहीही न देता रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे.