राखड बंधाऱ्याखाली शेत असेल तर मृगाआधी विहिरीचं पाणी तपासा

मृग तोंडावर आलाय. नागपूरजवळच्या कोराडी-खापरखेडा औष्णिक वीज केंद्रांच्या राख तलावांखाली ज्यांची शेतं आहेत त्यांनी बियाण्याच्या आधी विहिरीचं पाणी तपासायला द्यावं. जुलै २०२२ मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटून राखड शेतांत शिरली. उद्या तुमच्या विहिरीत उतरली, तर आधीचं पाणी चांगलं होतं हे कशावरून दाखवणार?

बंधारा न फुटताही पाणी झिरपतं, आणि राखेतला बोरॉन त्यात सहज विरघळतो. संत्र्याला तो अजिबात सोसत नाही. जुन्या पानांची टोकं पिवळी पडतात, मग कडा जळतात. अशाच एका बागेत कृषी केंद्रवाल्यानं ‘सूक्ष्म अन्नद्रव्यं कमी आहेत’ म्हणून महागडी बाटली गळ्यात मारली. लेबल वाचलं तर त्यात बोरॉनच! दोन फवारण्यांत निम्मी पानं खाली. पाण्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत बोरॉनची फवारणी नको.

नमुना असा घ्या: मोटर १५-२० मिनिटं चालवा, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, लिटरभर भरा. काचेची बाटली नको, काचेतूनही बोरॉन उतरू शकतो. प्रयोगशाळेत ‘बोरॉन’ तोंडानं मागा; नेहमीच्या रिपोर्टात सामू (पीएच), क्षारता येते, तो येत नाही. सिंचनाच्या पाण्याला सरकारी मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम आहे, पण संत्र्याला ०.५ ते ०.७५ च्या वरच त्रास सुरू होतो. म्हणजे ‘पास’ शेरा पाहून खूश होऊ नका. कपाशी बरंच सोसते. पाणी वाईट निघालं तर ते तिकडे वळवा.

माझा आपला अंदाज: नाल्याकडची ओळ आधी पिवळी पडली तर रोगाआधी पाण्यावर संशय घ्या.

तीच विहीर प्यायला असेल तर आर्सेनिक आणि फ्लोराइडही तपासा. पाणी उकळून ते जात नाहीत, उलट पाणी आटून दाट होतात. तुरटीच्या भरवशावर राहू नका.

बाकीची कामं:
- खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर)
- वाळलेल्या फांद्यांची छाटणी
- बागेत उताराला चर
- विहिरीचा कठडा उंच, भोवती मातीचा भराव

राखड शेतात आलीच तर नांगरून मातीत गाडू नका. आधी फोटो, तलाठी आणि कृषी सहायकाकडून पंचनामा, मग खरवडून धुऱ्याबाहेर. विहिरीत शिरली असेल तर त्या दिवशी मोटर बंद, आणि त्याच पाण्याची दुसरी बाटली भरून तारीख टाकून ठेवा.