सीट बसवली, पण एअरबॅगचा दिवा जात नाही

कार्पेटखाली पाणी मुरून गाडीला कुबट वास यायला लागला, म्हणून मी पुढच्या दोन्ही सीट काढल्या. तसं अवघड काही नाही. बॅटरी सोडायची, सीटखालचे कनेक्टर काढायचे, दर सीटला चार बोल्ट, आणि सीट दारातून तिरकी करून बाहेर. कार्पेट उन्हात पसरलं, आतला पत्रा पुसून कोरडा केला. वायपर आणि काचा तपासायच्या होत्या म्हणून बॅटरी पुन्हा जोडली. घोळ तिथे झाला.

संध्याकाळी दिरांना त्यांची मोटरसायकल बाहेर काढायची होती आणि माझी गाडी आडवी. "वहिनी, तुम्ही राहू द्या, दोन फूट मागे घेतो," म्हणाले, आणि सीटच्या जागी उपडी बादली ठेवून, तिच्यावर बसून त्यांनी खरंच दोन फूट मागे घेतली. सीट परत बसवल्यावर मी चावी फिरवली तेव्हा डॅशबोर्डवर तो लाल दिवा, मांडीवर गोल फुगा घेऊन बसलेला माणूस, लागला तो गेलाच नाही.

बादलीचा दोष नव्हता. चावी फिरवली की एअरबॅगचं कंट्रोल युनिट लगेच सगळ्या तारा तपासतं. प्रत्येक एअरबॅगमध्ये आणि सीटबेल्ट आवळणाऱ्या प्रीटेन्शनरमध्ये एक छोटा इग्नायटर, म्हणजे विजेने पेटून ते उडवणारा भाग असतो, त्याचा रोध साधारण दोन ओहम. युनिट त्यातून अगदी बारीक करंट सोडून बघत राहतं. कनेक्टर सुटलेला असेल तर सर्किट तुटलेलं दिसतं, युनिट त्याची नोंद, म्हणजे एक कोड, साठवतं आणि दिवा लावतं. पुढे तुम्ही कनेक्टर जोडला तरी नोंद राहते. काही गाड्यांत दिवा आपोआप विझतो, नोंद आत पडून राहते. बऱ्याच गाड्यांत ती नोंद पुसेपर्यंत दिवा हटत नाही. माझी त्यातलीच.

दिवा चावी फिरवल्यावर पाच-सहा सेकंद लागून विझला तर तो बरोबर आहे. विझला नाही, किंवा मुळात लागलाच नाही, तर यंत्रणेत गडबड आहे. तशा अवस्थेत गाडी छान चालते, फक्त धडक बसली तर एअरबॅग उघडेल याचा भरवसा नसतो. म्हणून हे काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

सगळ्यात आधी मी जे केलं ते तुम्ही करू नका. कुणीतरी सांगितलं म्हणून बॅटरी रात्रभर काढून ठेवली. सकाळी घड्याळ बारा वाजता अडकलेलं, ड्रायव्हरची काच एका दाबात वर जायचं विसरलेली, आणि दिवा जसाच्या तसा! इंजिनच्या काही नोंदी अशा पुसल्या जातात. एअरबॅगच्या सहसा जात नाहीत, कारण त्या वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत असतात.

आता नीट. सीट विजेवर सरकणारी असेल तर आधी ती मागे घेऊन ठेवा, बॅटरी काढल्यावर ती हलणार नाही. मग चावी बंद, चावी काढून स्वतःच्या खिशात, आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून बाजूला बांधून ठेवा. त्यानंतर थांबा. युनिटमध्ये कपॅसिटर असतो. धडकेत बॅटरीच तुटली तरी एअरबॅग उघडता यावी म्हणून तो चार्ज धरून ठेवतो. कुणी दीड मिनिट थांबायला सांगतं, कुणी तीन, कुणी त्याहून जास्त. तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल ते बघा. मी दहा मिनिटं थांबते.

मग टॉर्च घेऊन सीटखाली. एअरबॅगचे कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळे असतात, किंवा त्यांच्या तारांवर पिवळं आवरण असतं. या कनेक्टरला सहसा दोन कुलपं असतात. पहिलं 'टक्' करून बसतं, आणि दुसरं एक छोटं पट्टीसारखं लॉक वेगळं आत ढकलावं लागतं. पहिला आवाज ऐकून माणूस समाधानी होतो. मीही झाले.

या कनेक्टरच्या पोटात आणखी एक गंमत आहे. कनेक्टर सुटला की आतली एक स्प्रिंगची पट्टी इग्नायटरच्या दोन्ही पिना एकमेकींना जोडून टाकते, म्हणजे अंगातल्या स्थिर विजेने एअरबॅग उडू नये. कनेक्टर पूर्ण आत गेल्यावरच ती पट्टी उचलली जाते. म्हणून अर्धवट बसलेला कनेक्टर कधी 'तार तुटली' असा कोड देतो, तर कधी 'शॉर्ट आहे' किंवा 'रोध कमी आहे' असा. शॉर्ट लिहिलंय म्हणून लगेच वायरिंग सोलायला घेऊ नका, आधी कनेक्टर काढून पुन्हा बसवा. पिना हिरवट किंवा वाकलेल्या नाहीत ना, तेही बघा. पाणी मुरलेल्या गाडीत हे हमखास सापडतं.

आणि मल्टीमीटर लांब ठेवा. एअरबॅगच्या किंवा प्रीटेन्शनरच्या पिनांना तो कधीच लावायचा नाही, मीटर रोध मोजताना स्वतःचा करंट सोडतो आणि त्याने एअरबॅग उडू शकते.

आता स्कॅनर, म्हणजे हे कोड वाचणारं आणि पुसणारं यंत्र. ब्लूटूथचा जो छोटा ठोकळा मोबाइलला जोडतात, तो बहुधा इंजिनचे 'पी'ने सुरू होणारे कोडच वाचतो. एअरबॅगचे कोड 'बी'ने सुरू होतात. ते वाचणारा, वर 'एसआरएस' (एअरबॅग यंत्रणेचंच दुसरं नाव) किंवा एअरबॅग लिहिलेला आणि तुमच्या कंपनीची गाडी ओळखणारा स्कॅनर हवा. विकत घ्यायलाच हवा असं नाही, मी ओळखीच्या मेकॅनिककडून दुपारपुरता मागून आणला. तो स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये लावायचा.

सगळे कनेक्टर जोडल्यावरच बॅटरी जोडा. त्या वेळी गाडीत कुणी बसलेलं नको. पहिल्यांदा चावी फिरवताना दाराबाहेर उभं राहून हात घाला, तोंड स्टिअरिंगसमोर नको. इंजिन सुरू करायची गरज नाही.

कोड वाचा आणि पुसण्याआधी कागदावर लिहून घ्या. माझ्याकडे तीन आले: ड्रायव्हरच्या बाजूची एअरबॅग, ड्रायव्हरचा प्रीटेन्शनर आणि शेजारच्या सीटचा प्रीटेन्शनर. पहिल्या दोघांपुढे 'हिस्टरी' होतं, म्हणजे होऊन गेलेलं. तिसऱ्यापुढे 'करंट', म्हणजे आत्ताही चालू. मी घाईने तिन्ही पुसायला गेले. दोन गेले, तिसरा त्याच क्षणी परत हजर. चालू असलेला दोष पुसला जात नाही, आणि तेच बरं आहे.

पुन्हा चावी बंद, बॅटरी सोड, दहा मिनिटं थांब, सीटखाली वाक. कार्पेटची दुमडलेली कड वायरिंगखाली अडकून कनेक्टरला ओढत होती आणि दुसरं लॉक उघडंच होतं. कड सरळ केली, कनेक्टर काढून पुन्हा लावला, लॉक ढकललं. या वेळी तोही कोड हिस्टरीत गेलेला. पुसला, चावी बंद करून मिनिटभर थांबले, पुन्हा फिरवली. सहा सेकंद, आणि दिवा गेला. विश्वास बसेना म्हणून आणखी दोनदा केलं. मग सीट पार पुढे, पार मागे सरकवून, तारा कुठे ताणत किंवा चिरडत नाहीत ना ते बघितलं. सीटचे बोल्ट अंदाजाने नाही, पुस्तकातल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळले. सीटबेल्टचा जोर शेवटी त्यांच्यावरच येतो.

सीटऐवजी दुसरं काही उघडलं असेल तर शोधायची जागा बदलते. स्टिअरिंग काढलं असेल तर त्यामागची गुंडाळलेली पट्टी, क्लॉक स्प्रिंग, मधोमध ठेवूनच बसवावी लागते. ती फिरली तर वळण घेताना तुटते, आणि बऱ्याचदा हॉर्नही सोबत जातो. काढलेली एअरबॅग ठेवताना कव्हर नेहमी वर. मधला कन्सोल काढला असेल तर कंट्रोल युनिट बहुतेक तिथेच, गिअरच्या आसपास, जमिनीला घट्ट बसवलेलं असतं. चावी चालू असताना ते सैल करू नका, त्याला ठोकू नका. शेजारच्या सीटमध्ये वजन ओळखणारा सेन्सर असेल तर सीट परत बसवल्यावर काही गाड्यांत स्कॅनरने त्याचा शून्य पुन्हा लावावा लागतो, नाहीतर कनेक्टर कितीही नीट असला तरी दिवा राहतो. सीटला नवं कव्हर चढवलं असेल तर ते बाजूच्या एअरबॅगची शिवण झाकत नाही ना, ते बघा. त्याबद्दल दिवा काही सांगणार नाही.

कोडमध्ये धडकेची नोंद किंवा युनिटचा स्वतःचा दोष निघाला, तर घरचं काम तिथे संपतं. एअरबॅगच्या तारा टेप लावून जोडायच्या नाहीत. कनेक्टरमध्ये दोन ओहमचा रेझिस्टर खोचून दिवा विझवणारे लोक आहेत. दिवा विझतो खरा, युनिटला वाटतं एअरबॅग आहे, आणि धडकेच्या वेळी ते बिचारं रेझिस्टरला उघडायला सांगतं.

आठवड्याने स्कॅनर पुन्हा मागून लावला. एकही कोड नव्हता. तो परत द्यायला दीर निघाले, तेव्हा बादली कुठेय म्हणून विचारत होते.