अँका व्हॅस्क्युलायटिस: लघवीच्या रिपोर्टपासून सुरुवात करा

या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती बारीक रक्तवाहिन्यांवर उलटते. अँका म्हणजे आपल्याच पांढऱ्या पेशींविरुद्ध बनलेल्या, रक्तात सापडणाऱ्या अँटीबॉडीज. फुप्फुसात रक्त झिरपलं की बहुतेकदा खोकला, धाप तरी लागते. मूत्रपिंड मात्र न दुखता खराब होत जातं. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. म्हणून आधी लघवीची साधी तपासणी.

सकाळची पहिली लघवी, सुरुवातीची धार सोडून, स्वच्छ डबीत घ्या आणि तासाभरात लॅबला पोचवा. डबी दुपारपर्यंत पडून राहिली तर लाल पेशी आणि कास्ट (किडनीच्या नलिकांत तयार झालेले साचे) विरघळतात, रिपोर्ट फसवा येतो. पाळीत नमुना देऊ नका. थांबणं शक्य नसेल तर पाळी चालू असल्याचं लॅबला सांगा. रिपोर्टमध्ये लाल पेशी, प्रोटीन आणि आरबीसी (लाल पेशींचे) कास्ट बघा. यांतलं काही नव्याने दिसलं तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आपल्याकडे खरा घोळ टीबीशी होतो. ताप, वजन उतरणं, खोकल्यातून रक्त, एक्स-रेत पोकळी: सगळं तसंच. थुंकीची सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी) निगेटिव्ह आहे, नाकातून रक्ताच्या खपल्या पडतात आणि लघवीत लाल पेशी आहेत, तर पीआर-३ आणि एमपीओ अँका (या दोन प्रकारच्या अँकाची रक्ततपासणी) करायची का, हे स्वतःहून विचारा. टीबीतही अँका कधीकधी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे नुसत्या त्या रिपोर्टवर भागत नाही. शक्य तिथे बायोप्सी लागते.

उपचारात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. त्यातल्या रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस-बीची तपासणी झालीच पाहिजे, नाहीतर दबलेला विषाणू उसळतो. सायक्लोफॉस्फामाइडची गोळी असेल तर सकाळी घ्या. मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून भरपूर पाणी लागतं, पण किडनी किंवा हृदय कमजोर असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरच ठरवतील. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळायला दिलेली को-ट्रायमॉक्साझोल ‘जास्तीची गोळी’ म्हणून गाळू नका. स्टेरॉइड तर एकदम बंद करायचंच नाही.

जुना दमा, रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले आणि चालताना चप्पल नकळत पायातून निसटते, म्हणजे नसही गेली असावी. हा याच आजाराचा इजीपीए (इओसिनोफिल वाढणारा) प्रकार असू शकतो. यात हृदय सापडतं, तेही पुष्कळदा अँका निगेटिव्ह असताना. ईसीजी आणि इको करून घ्या.

खोकल्यातून रक्त आणि धाप, किंवा दोन-चार दिवसांत हिमोग्लोबिन घसरलेलं दिसलं, तर आयसीयू आणि डायलिसिस दोन्ही असलेलं रुग्णालय गाठा, त्याच दिवशी.