खान्देशातल्या हिवात घर उबदार कसं ठेवायचं, तेही लाइट बिल न फुगवता

जळगाव-भुसावळ म्हटलं की लोकांना ४५ अंशाचं ऊनच आठवतं, पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की धुळ्याचा पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो आणि वर तोरणमाळला दव गोठतं, हे बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही. त्यात आपली घरं उन्हाळा डोळ्यासमोर ठेवून बांधलेली, भिंतीत झरोके, खाली शहाबादी फरशी, वर पत्रा नाहीतर स्लॅब, म्हणून हिव जरा जास्तच वाजतं. पण एक गोष्ट आपल्या बाजूने आहे, रात्री कितीही गारठा असला तरी दुपारी बहुतेक दिवस चांगलं कडक ऊन असतं. ती फुकटची ऊब घरात घ्यायची आणि रात्री बाहेर जाऊ द्यायची नाही, हिटर बिटर त्याच्यानंतर.

आधी वारा शोधा. संध्याकाळी पंखे बंद करा, उदबत्ती लावा आणि दार-खिडक्यांच्या कडेने हळूहळू फिरवा, धूर सरळ वर जातोय तोवर ठीक, जिथे तो एकदम आडवा पळतो तिथून गार हवा येतेय. बहुतेक घरांत दाराखालची फट, स्लायडिंग खिडकीच्या दोन काचांमधली जागा आणि झरोका हेच चोर निघतात. दारासाठी जुन्या साडीची दाराएवढी लांब पिशवी शिवा आणि त्यात फाटक्या गादीचा कापूस ठासून भरा (कापसाला आपल्याकडे काय तोटा!). खिडकीला हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती फोमची टेप, झरोक्याला पुठ्ठा. पत्र्याचं घर असेल तर पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या नागमोडी फटींत गोणपाट किंवा चिंध्या कोंबा, बरीच ऊब तिथूनच जाते. फक्त ज्या खोलीत चूल किंवा गॅस चालतो तिथला झरोका बुजवायचा नाही.

आता ऊन. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून आणि खालून जातो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आतपर्यंत येतं. नऊ-साडेनऊला पडदे पूर्ण सारा, बाहेरची हवा घरातल्यापेक्षा गरम वाटायला लागली की खिडक्याही उघडा, आणि साडेचार-पाचला सगळं बंद. आपण काय करतो, रात्री आठला कुडकुडायला लागलो की मग उठून खिडकी लावतो, तोवर दिवसभराची ऊब निघून गेलेली असते.

गोधड्या, गाद्या दुपारी गच्चीवर टाका आणि उलटवा. कापूस ओल धरतो, ओल गेली की तो फुगतो आणि त्यात अडकलेली हवाच आपल्याला गरम ठेवते. जमिनीवर झोपत असाल तर दोन ब्लँकेट अंगावर घेण्यापेक्षा त्यातलं एक अंगाखाली घ्या, फरशी अंगातली ऊब फार ओढते. पायात मोजे, कानाला मफलर, हे सांगायला नको.

हिवाळ्यातलं बिल मात्र खरं वाढतं ते अंघोळीच्या पाण्याने. १५ लिटरची बादली २० अंशावरून ४५ अंशावर न्यायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते, ती काही टळत नाही, पण गिझर तासभर आधी लावून ठेवायची गरज नसते. दोन हजार वॉटच्या १५ लिटर गिझरला वीसेक मिनिटं पुरतात. थर्मोस्टॅट ५० च्या आसपास ठेवा, उगाच ७० ला तापवून मग त्यात निम्मं गार पाणी ओतायचं कशाला, आणि सगळ्यांनी एकामागे एक अंघोळी उरका. बोअरचं जड पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर बसतो आणि पाणी तापायला वेळ लागतो, तो मेकॅनिककडून दिवाळीनंतर काढून घ्या. गॅसवर किंवा रॉडने पाणी तापवत असाल तर दुपारी चारला गच्चीवरच्या टाकीचं कोमट पाणी बादलीत भरा, झाकण लावून घरात ठेवा, पहाटेच्या बर्फगार पाण्यापेक्षा ते बरंच लवकर तापतं. रॉडचा प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा.

एवढं करूनही म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल तर हिटर लागतोच. पण दोन हजार वॉटचा साधा हिटर रात्री दहा ते सहा चालू राहिला तर १६ युनिट झाले, एका रात्रीत! महिन्याला १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर एकदम चढतो, त्यामुळे झोपण्याआधी अर्धा तास एकच खोली तापवा, बंद करा आणि अंथरुणात गरम पाण्याची पिशवी टाका. हिटर मोठ्या १६ अँपिअरच्या पॉइंटलाच लावा, एक्स्टेंशन बोर्डावर नाही.

आणि शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं बंद खोलीत घेऊन कधीच झोपू नका. पऱ्हाटी असो की कोळसा, त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. शेकोटी करायची तर अंगणात, सगळ्यांनी मिळून, तिच्यावरच भरताची वांगी भाजून घ्या म्हणजे तेवढा गॅसही वाचेल.