बागेला पाणी घालताना या चुका टाळा (आणि टायमरवर विसंबू नका)

मे महिना लागला आणि खडकवासला साखळीत किती टीएमसी पाणी उरलं याच्या बातम्या येऊ लागल्या, की सोसायट्यांच्या ग्रुपवर पाणीबचतीचे संदेश फिरायला लागतात. दात घासताना नळ बंद ठेवा, शॉवरऐवजी बादली घ्या. बरोबर आहे सगळं. पण त्याच इमारतीखाली त्याच वेळी कुणीतरी पाइप लावून पेव्हर ब्लॉक धूत असतं, आणि पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या छतावरच्या लॉनचे स्प्रिंकलर निम्मं पाणी रस्त्यावर उडवत असतात. ते कुणाला दिसत नाही. घराबाहेर सांडलेलं पाणी 'झाडांना गेलं' या पुण्यकर्माच्या खात्यात जमा होतं.

मी बरीच वर्षं पुण्यातल्या सोसायट्यांच्या आणि गच्च्यांवरच्या बागा बघते आहे. इमारती बदलतात, चुका त्याच राहतात.

रोजचं तांब्याभर पाणी

सगळ्यात जास्त झाडं मारणारी सवय दिसायला सगळ्यात सोज्वळ आहे. सकाळी पूजा आटोपली की प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी. जास्वंदीला तेवढंच, अडेनियमला तेवढंच, कोरफडीलाही तेवढंच. आदल्या संध्याकाळी वळीव कोसळून गेला असला तरी तेवढंच.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिकचिकीत राहिली की ती गुदमरतात, मग कुजतात, आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. वर पानं पिवळी पडतात, फांद्या माना टाकतात. ते पाहून घरातलं कुणीतरी म्हणतं, "पाणी कमी पडतंय वाटतं," आणि एका तांब्याचे दोन होतात. थोड्या दिवसांत तुळस जाते आणि नर्सरीवाल्याच्या नावाने शंख सुरू होतो.

मी बोट घालते. दोन पेरं मातीत. माती ओलसर लागली, बोटाला चिकटून आली, तर आज पाणी नाही. वाफसा, म्हणजे मातीत ओल आहे पण चिखल नाही अशी स्थिती, आल्याशिवाय शेतकरी शेतात औत घालत नाही. कुंडीतल्या मातीलाही तो येऊ द्यावा लागतो. लहान कुंडी असेल तर उचलून बघा, हलकी लागली तर तहानलेली. आणि घालाल तेव्हा पोटभर घाला, खालच्या भोकातून थेंब येईपर्यंत. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच्याच थरात घुटमळतात, आणि मे महिन्यात तोच थर दुपारपर्यंत भाजून निघतो. मग झाड खरोखरच रोज पाणी मागू लागतं.

दुपारी दोन वाजता पानं मलूल दिसली म्हणून धावू नका. ऊन उतरल्यावर ती सावरली तर झाडाला काही झालेलं नाही. सकाळी सात वाजताही मान खालीच असेल तर काळजी करा, पण तेव्हाही आधी बोट, मग तांब्या.

एक अपवाद आहे. निव्वळ कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेल्या कुंड्या. कोकोपीट एकदा ठणठणीत वाळलं की आक्रसतं, कडेला फट पडते, आणि वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली येतं. खालून पाणी निघालं म्हणून आपण खूश, आत गड्डा कोरडाच. अशी कुंडी घमेल्यातल्या पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. नंतर त्यात माती आणि कंपोस्ट मिसळायचं मनावर घ्या. कोकोपीट वजनाला हलकं असतं आणि ऑनलाइन विटांच्या आकारात घरपोच मिळतं, यापलीकडे त्याचं एवढं कौतुक का व्हावं हे मला समजलेलं नाही.

ठिबक लावलं, आता बघायला नको

गेल्या काही वर्षांत हा रोग वाढलाय. बाग सुरू करून दोन महिने झाले नाहीत तोच लोक विचारतात, "ताई, कुठला टायमर घेऊ?" अजून कुठली कुंडी किती दिवसांनी सुकते हे माहीत नाही, पण मोबाइलवरून व्हॉल्व्ह उघडायचाय. ठिबक उत्तमच आहे, त्याबद्दल वाद नाही. ज्या राज्यात द्राक्षापासून केळीपर्यंत सगळं ठिबकवर पिकतं तिथे मी ते नव्याने काय सांगणार. पण त्या बागांमधला शेतकरी रोज ओळीतून फिरतो. तुम्ही टायमर लावून हिंजवडीला जाता.

एका मोठ्या सोसायटीत पोडियमवर बाग होती आणि खाली पार्किंग. पार्किंगच्या स्लॅबमधून एका कोपऱ्यात पाणी गळायला लागलं. थेंब एका नव्या गाडीवर पडत होते, त्यामुळे विषय लगेच कमिटीपुढे गेला. प्लंबर आला, त्याने ड्रेनेजची लाइन तपासली, काही सापडलं नाही. मग वॉटरप्रूफिंगवाले आले. सगळ्यांचं मत एकच: वरची माती पूर्ण काढा, झाडं काढा, नवीन थर द्या. कोटेशनचे आकडे असे होते की सेक्रेटरी काकांचा आवाज बसला. झाडं काढायची म्हणून मला विचारायला बोलावलं.

मी वॉचमनला विचारलं, दिवसभर गळतं का? तो म्हणाला, "नाही मॅडम, सकाळी जास्त. संध्याकाळपर्यंत जवळपास बंद होतं." पाऊस नाही, एप्रिल महिना, आणि गळती घड्याळ लावून. ठिबकचा टायमर सकाळी सहाचा होता.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला वर गेलो. ठिबक सुरू झाल्यावर माळीमामांबरोबर ओळीने चालत गेले. सुरुवातीच्या कुंड्यांपाशी ड्रिपर नुसते पाझरत होते, पुढचे कोरडे. म्हणजे दाब कुठेतरी पळत होता. शेवटच्या टोकाला, मेंदीच्या कुंपणामागे, सोळा एमएमची नळी उघडी पडून भळभळत होती. नळीचं टोक दुमडून त्यात अडकवायची आठ आकड्याची प्लास्टिकची कडी उन्हाने तडकून पडली होती. बादली लावली, मिनिटभरात भरत आली. हे रोज, टायमर संपेपर्यंत, थेट त्या कोपऱ्यावर.

खरी गंमत पुढे आहे. माळीमामांना झाडं सुकताना दिसत होतीच. त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, आणि सुपरवायझरने जागेवरून न उठता टायमर २५ मिनिटांवरून ४० वर नेला. झाडांना त्यातलं थोडंच मिळालं, बाकीचं सगळं पार्किंगला. आणि त्याच महिन्यात सोसायटी टँकर मागवत होती.

त्या कडीची किंमत दोन-चार रुपये. कोपऱ्यातली गळती आठवड्याभरात आटली. वॉटरप्रूफिंगवाल्यांपैकी एकानेही वर येऊन बाग चालू असताना पाहिली नव्हती, हे मला अजून पचत नाही.

तेव्हापासून माझ्याकडे ठिबक असेल तिथे माझा हट्ट असतो: आठवड्यातून एकदा पाणी चालू असताना शेवटच्या टोकापर्यंत चालत जायचं. खुर्चीत बसून ॲप बघायचं नाही. महिन्यातून एकदा टोकं उघडून नळ्या धुवायच्या, फिल्टर काढून ब्रशने घासायचा. बोअरचं पाणी असेल तर ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार बसतो, ते ड्रिपर सरळ बदलायचे. सुईने टोकरत बसलं की भोक मोठं होतं आणि एकच झाड दुप्पट पाणी पितं. गच्चीवरच्या टाकीवरून ठिबक जोडणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं: ठिबकला साधारण १ किलो दाब लागतो, म्हणजे १० मीटर उंचीचं पाणी. टाकी कुंड्यांपेक्षा दोन मीटर वर असेल तर ४ लिटरचा ड्रिपर तासाला ४ लिटर देणारच नाही. एखादी बाटली धरून मोजा, मग मिनिटं ठरवा.

आणि जून लागला की टायमर बंद. धो धो पावसात स्प्रिंकलर चालू असल्याचे व्हिडिओ आपण हसत पुढे पाठवतो, पण स्विचकडे कुणी जात नाही.

आरओचं आणि मशीनचं पाणी

आरओ यंत्र एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर सोडून देतं. ते वाचवायलाच हवं, पण डोळे मिटून कढीपत्त्याला नाही. मूळ पाणी धरणाचं असेल तर त्यात क्षार कमी असतात, सोडलेलं पाणीही फारसं वाईट नसतं. (मग आरओ कशाला बसवला, हा प्रश्न मी आता विचारणं सोडलंय.) बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) समजा ९००, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात तो १२००च्या घरात जातो. असं पाणी रोज एकाच कुंडीत गेलं की मातीवर पांढरी पापुद्री येते, पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी होतात. त्या पाण्याने फरशी पुसा, गाडी पुसा, संडासात टाका. झाडांना घालायचंच असेल तर साध्या पाण्यात निम्मं मिसळून आणि आलटून पालटून.

वॉशिंग मशीनचं साबणाचं पहिलं पाणी मोरीत. त्यातल्या सोडियमने काळी माती दगडासारखी होते. कपडे शेवटी खळबळलेलं पाणी मोठ्या झाडांना चालतं, पालेभाजीला नको. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी खुशाल घाला.

लॉन

भर उन्हाळ्यात हिरवळीतून दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून जातं. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे २०० चौरस मीटरच्या लॉनला रोज हजारभर लिटर, दहा दिवसांत १०,००० लिटरचा एक टँकर. आणि वर पाटी: 'हिरवळीवर चालू नये.' मुलांना खेळायला थोडी हरळी ठेवा, बाकी जागेत झुडपं लावा. उन्हाळ्यात हरळी पिवळी पडली तर पडू दे, पहिल्या पावसात उठते. हे कमिटीला पटवणं मात्र ज्याचं त्याने बघावं, माझं आजवर दोनच ठिकाणी जमलं.

बाकीच्या, पटापट

पाइपने अंगण धुणं. सडा शेणामातीच्या अंगणात धूळ बसवायला घालत. पेव्हर ब्लॉकला झाडू पुरतो. साध्या पाइपमधून मिनिटाला १५-२० लिटर सहज जातात. खोटं वाटत असेल तर बादली लावून बघा. गाडीला दोन बादल्या आणि फडकं, संपला विषय.

सुका पाला गोण्यांत भरून कचऱ्यात देणं, किंवा जाळणं, आणि मग विकतचं आच्छादन आणणं. तोच पाला झाडाखाली तीन-चार बोटं जाड पसरा, उसाचं पाचट मिळालं तर फारच छान. खोडाला मात्र टेकवू नका, तिथे कुजतं.

आळं खोडाशी करणं. मोठ्या झाडाची पाणी पिणारी मुळं खोडाजवळ नसतात, फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. नारळाचं आळंही खोडापासून दीड-दोन मीटरपर्यंत हवं. खोडाला आंघोळ घालून काय मिळतं?

माती कधीच न खुरपणं. काळी माती भेगाळली की त्या भेगांमधूनही ओल निघून जाते. शेतात 'एक कोळपणी, अर्धं पाणी' म्हणतात ते उगाच नाही.

झाडाला हळूहळू पाणी मिळावं म्हणून रंगवलेलं मडकं पुरणं. मडक्यातून पाणी पाझरतं ते भाजलेल्या पण बिनरंगाच्या मातीतून. ऑइल पेंटची वारली चित्रं काढलीत की त्याची फुलदाणी झाली.

मे महिन्याच्या सुट्टीत रोपं लावणं. हौस असते, मान्य. पण तेच रोप मृगाचा पाऊस झाल्यावर लावलंत तर पुढचे तीन महिने आभाळ पाणी घालतं. एवढा धीर ज्यांना धरवत नाही त्यांनी मे महिन्यात खड्डे खणून ठेवावेत, हातांना काम मिळतं.

पावसाचं पाणी २०० लिटरच्या पिंपात साठवून बागेचा प्रश्न सुटला समजणं. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर दोन मिलिमीटर पाऊस पडला की पिंप भरलं. पुढचं सगळं गटारात. वर्षाला सातशेच्या आसपास मिलिमीटर पडणाऱ्या पुण्यात त्या गच्चीवरून हजारो लिटर वाहून जातं, ते बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. पहिल्या एक-दोन सरी वगळा, त्यात धूळ आणि पारव्यांची विष्ठा असते. आणि पिंप असो की कुंडीखालची ताटली, झाकण हवं किंवा आठवड्यातून एकदा कोरडी करायला हवी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो.

शेवटचं, बागेतला गळका नळ. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीसेक लिटर, आणि त्याखाली अळू छान वाढलाय म्हणून कुणी दुरुस्त करत नाही. बहुतेक वेळा फक्त वायसर झिजलेलं असतं, ते हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतं. जुनं काढून सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात. आणि नळ खोलण्याआधी वरचा कॉक बंद करा. घाई करणारे नेमकं हेच विसरतात.