घरी फोर बाय फोर ईव्ही बनवताय? चार मोटरींच्या या चुका टाळा

चार चाकांना चार हब मोटर (चाकातच बसणाऱ्या), त्यांना बॅटरीतून करंट सोडणारे चार कंट्रोलर, वर एक थ्रॉटल (ॲक्सिलरेटर), झाली फोर बाय फोर तयार, असं धरून खूप जण सुरुवात करतात. माझ्या शेतातल्या बग्गीचा प्लॅनही हाच होता. सरळ रेषेत मस्त पळायची, पण वळताना टायर घासायचे आणि मोटरी चटका बसेल एवढ्या तापायच्या.

वळणावर चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात. मागच्या दोन चाकांत १.२ मीटर अंतर आहे आणि एक्सलचा मध्य ३ मीटर त्रिज्येवर वळतोय असं धरा, तर आतलं चाक २.४ वर आणि बाहेरचं ३.६ मीटरवर फिरतं, म्हणजे बाहेरच्याला दीडपट स्पीड लागतो. कंट्रोलर स्पीड मोडमध्ये असेल तर तो सगळ्यांना एकच आरपीएम धरून ठेवतो, मग मोटरी एकमेकींना ओढत बसतात आणि बॅटरी त्यातच संपते. म्हणून घेतानाच विचारा, टॉर्क (फिरवण्याचा जोर) मोड आहे का. थ्रॉटलने जोर मागायचा, स्पीड ज्याचं त्याचं चाक ठरवेल, डिफरन्शियलही (एक्सलच्या दोन चाकांना वेगवेगळ्या स्पीडने फिरू देणारा गिअरसंच) तेच करतो. फक्त टॉर्क मोडमध्ये खड्ड्यावर चाक उचललं गेलं की सुसाट सुटतं, त्यामुळे आरपीएम लिमिट टाकाच.

दुसरी चूक म्हणजे नुसते वॅट बघणं. गाडी माणसासकट ४०० किलो, चढ दर ५ मीटरला १ मीटर, चाकाची त्रिज्या २५ सेंमी, तर चाकांवर मिळून २०० न्यूटन मीटरच्या थोडा वरच टॉर्क लागतो. प्रत्येकी ५० झाला, आणि एक चाक हवेत गेलं की उरलेल्या तिघांवर ७० च्या आसपास. बिनगिअरची हब मोटर हळू स्पीडला एवढा जोर देताना जबरदस्त तापते. १९७१ ला अपोलो १५ ने चंद्रावर नेलेल्या गाडीत चाकागणिक फक्त पाव हॉर्सपॉवरची मोटर होती, पण सोबत ८० ला १ चं गिअर रिडक्शन, म्हणजे मोटरचे ८० फेरे तेव्हा चाकाचा एक, स्पीड कमी पण जोर जास्त! माझं स्पष्ट मत, पहिलीच गाडी असेल तर दोनच मोटर घ्या, मागे ई-रिक्षाचा डिफरन्शियलवाला एक्सल, पुढे जुन्या मारुती ८०० चा गिअरबॉक्स आणि ड्राइव्ह शाफ्ट. रिडक्शन आणि डिफरन्शियल दोन्ही आयते मिळतात.

चढावर अचानक सगळं बंद पडतंय? बीएमएस, म्हणजे बॅटरीला जपणारं सर्किट, बघा. ३० अँपिअरचे चार कंट्रोलर म्हणजे १२०, आणि बीएमएस ६० चा असेल तर तो कट करणारच. उलट बॅटरी फुल असताना उतारावर रीजेन (मोटरच ब्रेक होऊन बॅटरी चार्ज करते ते) चालू ठेवलं तर बीएमएस चार्जिंग तोडतो, करंटला जायला जागा राहत नाही, व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोलरचे मॉसफेट (आतले इलेक्ट्रॉनिक स्विच) उडतात. फुल चार्जनंतर पहिले काही किलोमीटर रीजेन बंद ठेवा.

थ्रॉटल एकच असेल तर त्याला ५ व्होल्ट एकाच कंट्रोलरमधून द्या, बाकीच्यांना फक्त सिग्नल आणि ग्राउंड. कंट्रोलर एकाच मॉडेलचे घ्या, नाहीतर एक आधी उचलतो, दुसरा नंतर, आणि गाडी झटका देते. ब्रेकचा कटऑफ (ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा सिग्नल) मात्र चारही कंट्रोलरना गेलाच पाहिजे, एकालाही विसरू नका.

गाडी एका बाजूला ओढतेय आणि एक चाक जड लागतंय तर आधी बॅटरी बंद करा, गाडी जॅकवर घ्या आणि चाक हाताने फिरवा. मग त्या मोटरच्या तिन्ही फेज वायर (मोटरला करंट नेणाऱ्या तीन जाड वायरी) कंट्रोलरपासून सोडवून, एकमेकींना टेकू न देता, परत फिरवा. हलकं झालं तर कंट्रोलरचा मॉसफेट शॉर्ट आहे, तरीही जडच असेल तर मोटरमध्ये किंवा वायरीत कुठेतरी फेज टेकलेत, किंवा ब्रेक-बेअरिंग अडकलंय. मॉसफेट शॉर्ट असेल तर बॅटरीचा स्विच पाडूनही चाक मोकळं होत नाही, मोटर ब्रेकसारखी अडवत राहते, म्हणून फेज वायरींचे कनेक्टर सीटखाली, हात पोचेल असेच ठेवा.