मेट्रोवर बोलायला उभे राहताय? मग या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात गोव्यात फोंड्याला एका वादविवाद स्पर्धेत परीक्षक म्हणून बसलो होतो. उच्च माध्यमिकची मुलं, विषय ‘विकसनशील देशाच्या राजधानीने भुयारी रेल्वे बांधावी’. सभागृहाच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की घंटा कुणाला ऐकू येईना; शेवटी वेळ पाहणाऱ्या बाई हिरवा रुमाल हलवू लागल्या. मुलं तयारीची होती, आवाज खणखणीत, हातवारेसुद्धा घोटून घेतलेले. तरी बावीसपैकी पंधरा-सोळा जण त्याच त्या खड्ड्यांत पडले. मेट्रो हा आयोजकांचा लाडका विषय, यंदाही कुठेतरी निघणारच. म्हणून गुणपत्रिकेच्या समासात मी जे खरडलं होतं, ते इथे नीट मांडतो.

आधी शब्द तपासा

एका मुलीने इंटरनेटवरून ‘सबवे’ शोधून तयारी केली होती. पहिली दोन मिनिटं ती रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यांची सुरक्षितता या मुद्द्यावर बोलली, आणि फार छान बोलली. आपल्याकडे सबवे म्हणजे रस्त्याखालून जाणारी पायवाट, अमेरिकेत तो शब्द रेल्वेचा. तिचा दोष नाही म्हणा, पण गुण गेले.

याहून जास्त सापडणारी चूक म्हणजे ‘मेट्रो’ आणि ‘भुयारी’ एकच समजणं. दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा, २००२ च्या डिसेंबरातला शाहदरा ते तीस हजारी, जमिनीच्या वरूनच धावला. ढाक्याची पहिली मार्गिका २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली, ती पूर्ण खांबांवर. जकार्ताची २०१९ ची पहिली मार्गिका १५.७ किलोमीटरची: तेरा स्थानकं, त्यांपैकी सात वर, सहा खाली. म्हणजे ‘मेट्रो हवी की नको’ हा एक प्रश्न, आणि ‘खाली की वर’ हा दुसरा. दोन्ही एका दमात सोडवायला गेलात की समोरचा स्पर्धक तुमच्याच वाक्यात तुम्हाला पकडतो.

‘राजधानी आहे म्हणून’ हे कारण नव्हे

अनुकूल बाजूचा हा हुकमी एक्का. ‘राजधानी हा देशाचा चेहरा असतो’ वगैरे. टाळ्या पडतात, गुण नाही. पणजी राजधानीच आहे, आणि २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत माणसं होती साधारण चाळीस हजार. सगळा गोवा धरला तरी साडेचौदा लाख. उलट मुंबई देशाची राजधानी नाही, म्हणून काय तिथे मेट्रो नको?

बघायचं असतं ते एका रस्त्यावरून, एका दिशेने, गर्दीच्या एका तासात किती माणसं जातात ते. कागदावर शहराची लोकसंख्या कोटभर असेल, पण ती दहा दिशांना विखुरलेली असेल तर बोगदा रिकामा धावतो. म्हणून भाषणात पहिल्या मिनिटाला विचारा: कुठून कुठे? हा प्रश्न त्या दिवशी एकाच मुलाने विचारला. वाळपईकडचा होता, शर्टाची बाही भिजलेली. मी माझ्या कागदावर तिथेच फुली मारली, विजेत्याची.

जमीन विसरू नका

मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे. गोव्यातली मुलं, आणि जमिनीबद्दल एकाने चकार शब्द काढला नाही! लंडन, पॅरिस, टोकियो सगळं आलं. पेडणे आलं नाही.

कोकण रेल्वेचा पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा. रत्नागिरीजवळचा करबुडे साडेसहा किलोमीटरचा आहे, पण तिथे खडक होता. पेडण्यात लागली ओली, भुसभुशीत माती. खणलं की वरून ढासळायचं, पाणी घुसायचं, केलेलं काम गाडलं जायचं. माणसं गेली. मुंबईपासून मंगळूरपर्यंत मार्ग जुळत आला तरी सावंतवाडी-पेडणे हा तुकडा अडूनच होता. १९९८ च्या जानेवारीत तो जोडला गेला तेव्हा कुठे सलग रेल्वे धावली. आणि गोष्ट तिथे संपली नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये याच बोगद्याची भिंत कोसळली, २०२४ च्या जुलैत आत पाणी भरून गाड्या अडकल्या. तेव्हा मडगावला फलाटावर ट्रंकेवर बसून राहिलेली माणसं तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरची असतील.

हे उदाहरण सोडून दुसऱ्याच्या गावचं कशाला शोधता? हवंच असेल तर कोलकात्याचं घ्या. २०१९ मध्ये बऊबाजारात बोगदा खणताना यंत्र भूजलाच्या थरात घुसलं आणि वरची जुनी घरं खचली. मुंबईत आचार्य अत्रे चौकाचं भुयारी स्थानक २०२५ च्या मे महिन्यात उघडलं आणि त्याच महिन्याच्या २६ तारखेला पावसाच्या पाण्याने भरलं.

पण थांबा, इथे प्रतिकूल बाजूवाले हमखास घसरतात. ‘म्हणून पाणथळ शहरात भुयार नकोच’ असं ठोकून देतात. बँकॉक चिखलमातीवर वसलेलं, पुराचं शहर. तिथे २००४ पासून भुयारी मेट्रो आहे, आणि स्थानकांची तोंडं मुद्दाम रस्त्यापेक्षा उंच बांधली आहेत: आधी पायऱ्या चढायच्या, मग उतरायच्या. मांडवीच्या भरतीचं पाणी गटारातून उलटं रस्त्यावर आलेलं ज्याने पणजीत पाहिलंय, त्याला त्या चार पायऱ्यांची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. जमीन वाईट असली की बांधता येत नाही असं नव्हे. खर्च आणि वर्षं वाढतात, आणि ती आधीच हिशेबात धरावी लागतात.

बांधण्याचा आकडा सांगून बसू नका

मुंबईची कुलाबा ते आरे भुयारी मेट्रो ३३.५ किलोमीटर, खर्च सुमारे ३७ हजार कोटी. किलोमीटरमागे हजार-अकराशे कोटी. हा आकडा सगळ्यांना पाठ होता. पुढे काय? वीज, डबे, सुटे भाग, सरकते जिने, पगार. आदिस अबाबात २०१५ साली चिनी कर्जातून हलकी रेल्वे उभी राहिली, गाजावाजा झाला, आणि काही वर्षांतच सुट्या भागांअभावी बऱ्याच गाड्या आगारात उभ्या राहिल्या. कर्ज डॉलरमध्ये फेडायचं आणि तिकीट मात्र स्थानिक पैशात विकायचं, ही गरीब देशाची खरी अडचण. तिच्यावर एक मिनिट दिलंत तरी परीक्षक मान वर करून बघतात.

‘मग काहीतरी नवं, स्वस्त तंत्र आणू’ असं एकजण उत्साहात म्हणाला. त्याला मडगावचा स्कायबस माहीत नव्हता. त्याच्या जन्माआधीची गोष्ट. रुळांना खाली लटकून धावणारे डबे, दीडेक किलोमीटरचा चाचणी मार्ग. २००४ च्या सप्टेंबरात चाचणीतच अपघात झाला, एक कर्मचारी दगावला. खांब मात्र वर्षानुवर्षं तसेच उभे, २०१३ मध्ये प्रकल्प गुंडाळेपर्यंत. जगात दुसरीकडे कुठेच रोज चालत नाही ते तंत्र पहिल्यांदा गरिबाने का वापरून बघावं?

बस की मेट्रो?

हा सामना लावूच नका. बोगोटाने २००० च्या डिसेंबरात ट्रान्समिलेनिओ सुरू केली: बसला स्वतःची मार्गिका, फलाटावरच तिकीट. गर्दीच्या तासाला एका दिशेने चाळीस हजारांवर माणसं तिने वाहिली आहेत, जी कित्येक मेट्रोंनाही जमत नाहीत. पण बस तुडुंब झाली आणि आता तेच शहर मेट्रो बांधतंय. जकार्तातही बस आधी, मेट्रो पंधरा वर्षांनी. आपल्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या मेट्रो धोरणातही मेट्रो मागण्याआधी इतर पर्याय तपासून दाखवणं सक्तीचं आहे.

माझं मत विचाराल तर: कोटभर वस्तीच्या राजधानीत एखादा मार्ग बसने फाटायला आला असेल तर मेट्रो बांधावी, गरज तिथेच खाली घालावी. पण ती होईपर्यंतची दहा वर्षं लोकांनी काय खांबांकडे बघत काढायची? कोलकात्याचा पाया १९७२ ला घातला, पहिले ३.४ किलोमीटर १९८४ ला धावले. तेवढ्यात एक पिढी नोकरीला लागते.

शेवटचा किलोमीटरही आठवा. पणजीच्या बसस्थानकावर उतरल्यावर कला अकादमीपर्यंत कसं जाणार? पायलट, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, पकडला तर ठीक, नाहीतर ऊन. आमच्या खाजगी बसचा कंडक्टर पत्र्यावर थाप मारून ‘फाटीं वच रे, फाटीं जागो आसा’ ओरडतो. मागे जागा कधीच नसते, पण बस तुमच्या दारावरून जाते. मेट्रो तसं करत नाही.

ऐन वेळी अडलात तर

‘दिल्लीत जमलं, मग?’ असं कुणी म्हणालं तर दिल्लीचा विस्तार आणि जपानचं स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज, दोन्ही सांगा आणि तुमच्या शहराला त्यातलं काय मिळणार ते विचारा. ‘गरीब देशाला परवडत नाही’ म्हणालं तर कैरो सांगा, १९८७ पासून धावतेय. आकडा आठवेना तर सोडून द्या, बनवू नका. त्या दिवशी एकाने जकार्ताची लोकसंख्या पन्नास कोटी सांगितली आणि पुढचं कुणी ऐकलंच नाही.

निकाल लागला तेव्हा सात वाजत आले होते. पहिला क्रमांक पुकारला, कुणी उठलं नाही. वाळपईची शेवटची बस चुकू नये म्हणून तो मुलगा साडेसहालाच निघून गेला होता. चषक त्याच्या सरांनी घेतला. ते स्कूटरने आले होते.